चांदीतली गारगोटी: स्कॉटलंडच्या ब्रोचची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लेखी मजकूर. बोलताना येणारे "म्हणजे बघा" आणि "तर काय" मी जमतील तेवढे काढलेत. सगळे काही निघाले नाहीत.

आज विषय दागिन्याचा आहे, पण सोनं नाही, हिरे नाहीत. चांदी आणि दगड. डोळ्यांसमोर आणा: बशीपेक्षा लहान, घड्याळाच्या डायलपेक्षा थोडं मोठं असं चांदीचं चक्र. त्याच्या कडेने पाचरीसारखे कापलेले दगडाचे तुकडे बसवलेत. एक विटकरी लाल, शेजारचा राखाडी आणि त्यात कांद्यासारखे पापुद्रे, मग गर्द हिरवा आणि त्यावर रक्ताचे थेंब पडल्यासारखे ठिपके, मग मधाच्या रंगाचा. बरोबर मध्यभागी एक धुरकट पिवळा पारदर्शक खडा. सगळे तुकडे इतके घासून सपाट केलेले की बोट फिरवलं तर चांदी कुठे संपली आणि दगड कुठे सुरू झाला ते कळत नाही. मागे पिन. हा झाला ब्रोच. १९व्या शतकातल्या बायका तो शालीवर लावायच्या, पुरुष खांद्यावरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडावर. इंग्रजीत याला 'स्कॉटिश पेबल ज्वेलरी' म्हणतात. पेबल म्हणजे गोटा. गोट्यांचे दागिने, सरळ नाव आहे.

मी दिवसभर कोड लिहितो. कुठलंही पॅकेज वापरायच्या आधी ते आतून आणखी कशाकशावर अवलंबून आहे हे बघायची आम्हाला सवय असते, कारण वरून एक नाव दिसतं आणि आत पन्नास जणांचं काम निघतं. या ब्रोचच्या बाबतीत मी तेच करत गेलो, आणि आत जे निघालं ते इतकं लांबचं होतं की त्यावर अख्खा भाग करावा लागला.

सुरुवात दगडापासून. तो राखाडी पट्ट्यांचा दगड म्हणजे अगेट, आपला अकीक. अकीक तयार होतो लाव्हात. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहतात. मग त्यातून सिलिका विरघळलेलं पाणी झिरपत राहतं आणि पोकळीच्या भिंतीवर थरावर थर बसत जातात. म्हणून ते पापुद्रे. बाहेरून बघाल तर खडबडीत बटाटा, कापलात तर आत डोळा.

स्कॉटलंडचे अकीक जवळपास ४० कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातले आहेत. माँट्रोझजवळचा समुद्रकिनारा, पर्थ शहराच्या बाजूची किनूल टेकडी, फाइफ, एअरशर ही त्यांची ठिकाणं. नांगरलेल्या शेतात, ओढ्यात, वाळूत ते सापडतात. आता हे ऐकताना आपल्या नाशिक-जळगावकडच्या लोकांना ओळखीचं वाटलं असेल, आणि बरोबरच आहे. आपलं दख्खनचं पठार हाही लाव्हाच, फक्त वयाने लहान, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. त्याच्या पोकळ्यांतही हेच झालं. लहानपणी आपण ज्या गारगोट्या एकमेकींवर घासून अंधारात ठिणगी बघायचो, त्या याच कुळातल्या. सिन्नरला तर गारगोटी नावाचं संग्रहालयच आहे. तेव्हा स्कॉटलंडच्या राणीच्या शालीवरचा खडा आणि आपल्या माळावरचा गोटा यांची पत्रिका जुळते, हे आधी सांगून ठेवतो. पुढे लागेल.

मधला तो धुरकट पिवळा खडा वेगळा. तो केर्नगॉर्म. धुरकट स्फटिकच, पण नाव पडलं ते स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म डोंगरांवरून, जिथे तो ग्रॅनाइटच्या भेगांमध्ये सापडायचा. गंमत म्हणजे गेलिक भाषेत त्या नावाचा अर्थ निळा डोंगर, आणि खडा पिवळा-तपकिरी! ब्रेमार किल्ल्यात या जातीचा एक स्फटिक ठेवलाय, वजन २३ किलोंच्या वर. ब्रोचमध्ये लागतो तो मात्र करवंदाएवढा.

आता ब्रोच म्हणजे मुळात काय, तर कापड अडकवायची पिन. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागाला हायलँड्स म्हणतात. तिथले लोक एक लांबरुंद लोकरी कापड अंगाभोवती गुंडाळायचे. बायकाही तसंच कापड डोक्या-खांद्यावरून घेऊन छातीशी पिनेने अडकवायच्या. आपल्याकडे पदराला पिन लावतात त्याच कामाची ही वस्तू. गरिबाची पितळेची, बऱ्या घरची चांदीची. म्हणजे दागिना नंतर, आधी गरज.

पण पिनेला दुसरंही काम होतं, राखण करायचं. एडिंबरामध्ये सेंट जाइल्स चर्चला लागून पूर्वी दुकानांची एक ओळ होती. रात्री कुलूप घालता येणारी दुकानं म्हणून त्यांना 'लकनबूथ' म्हणायचे. तिथले सोनार-चांदीकाम करणारे हृदयाच्या आकाराची छोटी पिन विकायचे, बहुतेक वेळा वर मुकुट. मुलगा मुलीला प्रेमाची खूण म्हणून ती द्यायचा. लग्न झालं, बाळ झालं की तीच पिन बाळाच्या दुपट्याला लागायची. कशाला? चेटकिणींची आणि वाईट नजरेची बाधा होऊ नये म्हणून. आपण काळं तीट लावतो, मनगटात दृष्टमणी घालतो, पूर्वी ऐपत असलेल्या घरात गळ्यात चांदीत मढवलेलं वाघनखही असायचं. लकनबूथचं काम तेच. ती दुकानं १९व्या शतकाच्या सुरुवातीला पाडली गेली, नाव राहिलं पिनेला.

दगडांच्या या राखणदारीत माझी सगळ्यात आवडती वस्तू म्हणजे 'ली पेनी'. लॉकहार्ट नावाच्या घराण्याकडे असलेला एक गडद लाल खडा, चांदीच्या नाण्यात बसवलेला. घराण्याची कथा अशी: राजा रॉबर्ट ब्रूस १३२९ मध्ये वारला. आपलं हृदय पवित्र भूमीत न्यावं ही त्याची इच्छा. जेम्स डग्लस ते चांदीच्या डबीत घालून निघाला, आणि वाटेत १३३० मध्ये स्पेनमधल्या तेबाच्या लढाईत मारला गेला. सोबत असलेल्या सायमन लॉकहार्टने हृदय परत आणलं, आणि कथेनुसार एका मूर सरदाराला कैद केल्यावर त्याच्या सुटकेच्या बदल्यात हा खडाही मिळवला. पुढे चारशे-पाचशे वर्षं लोक हा खडा पाण्यात बुडवून ते पाणी आजारी जनावरांना पाजायचे.

आता इथे जरा थांबू. खडा ज्या नाण्यात बसवलाय ते नाणं इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड याचं आहे, आणि तो गादीवर आला १४६१ मध्ये. म्हणजे कथा आणि कोंदण यांच्यात सव्वाशे वर्षांहून जास्त अंतर. खडा आधीचा असू शकतो, कोंदण नक्की नंतरचं. जुन्या दागिन्यांत हे सतत दिसतं: दगडाचं वय एक, चांदीचं दुसरं आणि गोष्टीचं तिसरंच.

१७व्या शतकात कुणीतरी तक्रार केली की लॉकहार्ट हा खडा वापरून जादूटोणा करतात. ग्लासगोच्या चर्चसभेने चौकशी केली. निकाल असा की खडा पाण्यात बुडवताना कुठलाही मंत्र म्हटला जात नाही, आणि निसर्गात अशा कितीतरी गोष्टी आहेत ज्यांचं कारण माणसाला सांगता येत नाही, तेव्हा चालू द्या, फक्त फार बोभाटा करू नका. किती समजूतदार, नाही का? फक्त त्याच शतकात त्याच देशात चेटूक केल्याच्या आरोपावरून शेकडो लोक मारले गेले, त्यात बहुतेक बायका, आणि त्यातल्या कितीतरींचा गुन्हा गुरांवर उपचार करण्याएवढाच होता. खडा कुणाच्या घरातला आहे यावर तो औषध की जादू हे ठरत होतं. वॉल्टर स्कॉटने या ली पेनीवरूनच पुढे 'द टॅलिस्मन' ही कादंबरी लिहिली, १८२५ मध्ये. या स्कॉटचं नाव लक्षात ठेवा, तो आता येतोच आहे.

त्याआधी कलॉडन. १६ एप्रिल १७४६. गादीवरून हटवलेल्या स्ट्युअर्ट घराण्याच्या राजपुत्रासाठी, म्हणजे बॉनी प्रिन्स चार्लीसाठी लढणारे हायलँडर आणि ब्रिटिश सरकारची फौज. तासाभराच्या आत खेळ संपला. चार्लीच्या बाजूचे दीड ते दोन हजार माणसं पडली. सरकारने नंतर ठरवलं की या डोंगरी लोकांचं वेगळेपणच मोडायचं. हत्यारं काढून घेतली, आणि कायदा करून हायलँडचा पोशाख पुरुषांना बंद केला. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सापडलात तर सात वर्षं समुद्रापार काळं पाणी. कपडे घातले म्हणून! हा कायदा १७८२ पर्यंत होता, म्हणजे दीड पिढी गेली. खांद्यावरचं कापडच गेलं तर त्याची पिन कुठे लावणार?

एक पळवाट होती. ब्रिटिश फौजेत भरती झालात तर तोच पोशाख सरकार स्वतः देणार. घरी घातला तर गुन्हा, सरकारसाठी मरायला घातला तर गणवेश. मला हा सगळा इतिहास वाचताना सगळ्यात जास्त राग आला तो या कलमाचा.

मग चाळीस वर्षांत वारा फिरला. १८१४ मध्ये स्कॉटची 'वेव्हर्ली' आली, त्याच बंडावरची कादंबरी, आणि हायलँडर एकदम शूर, निष्ठावान, धुक्यातला नायक झाला. हरलेला शत्रू निरुपद्रवी झाला की त्याच्यावर प्रेम करणं सोपं असतं. १८२२ च्या ऑगस्टमध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला. राज्य करणारा राजा स्कॉटलंडमध्ये येण्याची ही जवळपास पावणेदोनशे वर्षांतली पहिली वेळ. सोहळ्याचा दिग्दर्शक कोण, तर स्कॉटच. त्याने सगळ्यांना हायलँडच्या वेशात यायला लावलं. राजाही आला, आखूड किल्टमध्ये आणि खाली गुलाबी तंग विजार. राजाच्या त्या पोशाखाचं, हत्यारांचं आणि दागिन्यांचं बिल तेराशे पौंडांच्या वर गेलं. डेव्हिड विल्की या चित्रकाराने नंतर राजाचं चित्र काढलं, त्यात गुलाबी विजार गाळली. फिल्टर तेव्हाही होते.

इथून पुढे अमुक घराण्याचे अमुकच पट्टे, ही टार्टनची यादी पक्की होत गेली. त्यात विणकरांच्या कारखान्यांचा हात मोठा, बॅनकबर्नचे विल्सन त्यात आघाडीवर. ते पट्ट्यांचे नमुने आधी बिननावाचे, नंबर टाकून किंवा गावाच्या नावाने विकायचे, घराण्यांची नावं बरीचशी नंतर चिकटली. यावर इतिहासकारांची जोरदार भांडणं आहेत, आणि तो वेगळ्या भागाचा विषय आहे.

खरा धंदा वाढवला व्हिक्टोरिया राणीने. ती १८४२ मध्ये पहिल्यांदा स्कॉटलंडला गेली, १८४८ मध्ये तिने आणि प्रिन्स अल्बर्टने बाल्मोरलचं घर भाड्याने घेतलं, १८५२ मध्ये विकतच घेतलं. दोघं डोंगरात फिरायचे, गोटे वेचायचे आणि त्यांचे दागिने करून घ्यायचे. अल्बर्टने शिकार केलेल्या हरणांचे दातसुद्धा तिने सोन्यात गुंफून गळ्यात घातले. राणी घालते म्हटल्यावर लंडनच्या बायकांना तेच हवं. त्यात रेल्वे आली. थॉमस कुकने १८४६ मध्ये स्कॉटलंडची सहल काढली, आणि पर्यटक म्हटला की घरी काहीतरी घेऊन जायला हवंच. पन्हाळ्याला गेलं की कोल्हापुरी आणतो, तसं. हलका, टिकाऊ, खिशात मावणारा, त्या मातीतला दगड असलेला ब्रोच. आठवणीची वस्तू म्हणून याहून चांगलं काय?

एडिंबरा, पर्थ, इन्व्हर्नेस, अ‍ॅबर्डीन इथले कारागीर कामाला लागले. अ‍ॅबर्डीनच्या रेटी नावाच्या पेढीने तर गावच्या ग्रॅनाइटचेच दागिने केले, राखाडी आणि गुलाबी. काम भलतंच अवघड. दगडाच्या दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्या कापायच्या, प्रत्येकीचा आकार शेजारच्या चांदीच्या कप्प्यात तंतोतंत बसायला हवा, मग सगळं एकत्र घासून एका पातळीत आणायचं. अनेक ब्रोच उलटे केले की मागे चांदी नसतेच, पाटीचा काळा दगड दिसतो. शाळेत पाटी असायची तोच. त्या पाटीवर चकत्या चिकटवलेल्या असतात, आणि चिकटवायला शेलॅक. शेलॅक म्हणजे लाख. लाखेचे किडे झाडाच्या फांद्यांवर जो राळेसारखा थर करतात तो, आणि १९व्या शतकात जगाला तो पुरवणारा मुख्य देश भारत. आपल्याकडचे सोनारही पोकळ दागिन्यात लाखच भरतात. म्हणजे स्कॉटलंडच्या अस्मितेचा दगड स्कॉटलंडच्या अस्मितेच्या चांदीत धरून ठेवलाय आपल्याकडच्या किड्यांनी.

आणि इथून पुढे एकेक दार उघडतच जातं. मागणी इतकी वाढली की स्कॉटलंडचे गोटे पुरेनात. केर्नगॉर्म तर डोंगर उकरूनही मिळेना. उपाय? ब्राझीलचा जांभळा अ‍ॅमेथिस्ट आणायचा आणि भट्टीत साडेचारशे-पाचशे अंशांना तापवायचा. जांभळा रंग जातो, पिवळा-तपकिरी येतो. झाला केर्नगॉर्म. अकीक कापायचं काम जर्मनीत, इडार-ओबरश्टाइन नावाच्या गावात. तिथे ओढ्याच्या पाण्यावर फिरणारी वाळूच्या दगडाची प्रचंड चाकं असायची आणि कारागीर लाकडी घोडीवर पालथा पडून, पाय मागच्या फळीला रेटून, पूर्ण अंगाच्या जोराने खडा चाकावर दाबायचा. आयुष्यभर. दगडाची धूळ छातीत जायची आणि छातीच्याच आजाराने माणूस जायचा. त्या गावचा स्वतःचा अकीक संपत आला तेव्हा तिथून ब्राझीलला गेलेल्या लोकांना १८२०च्या दशकाच्या शेवटी रिओ ग्रांदे दो सुलमध्ये अकीकांचा खजिना सापडला, आणि जहाजं भरभरून माल उलटा जर्मनीला येऊ लागला. ब्राझीलचा अकीक फिका, पण रंग पितो. साखरेच्या पाण्यात भिजवायचा, मग सल्फ्युरिक आम्लात, की साखर आतल्या आत जळून काळे पट्टे उठतात.

तो हिरवा, लाल ठिपक्यांचा दगड आठवतोय? ब्लडस्टोन. तो मोठ्या प्रमाणात भारतातून जायचा, काठियावाडच्या बाजूने. लाल कार्नेलियनची परंपरा तर खंभातची, दगड राजपीपळ्याजवळच्या रतनपूरचा. तिथे अकीक तापवून लाल करायची विद्या हडप्पाच्या काळापासून चालत आली आहे. आणि तो अकीक मुळात दख्खनच्याच लाव्हातून सुटलेला. म्हटलं होतं ना, पत्रिका पुढे लागेल.

चांदीचं कामही सगळं स्कॉटलंडात राहिलं नाही. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांनी साचे करून ढिगाने 'स्कॉटिश' ब्रोच काढले. १८७०च्या दशकात अमेरिकेतल्या नव्या खाणींमुळे चांदी स्वस्त झाली तेव्हा तर विचारूच नका.

मग हे सगळं खोटं का? मला असं सरळ म्हणवत नाही. दगड कुठूनही आला तरी कापणाऱ्याचा हात खराच होता, आणि जिने तो बाळाच्या दुपट्याला लावला तिची भीतीही खरी. फसवणूक मला दिसते ती दुसरीकडे, आणि ती दगडांमध्ये नाही.

वर्ष १८५३. २८ सप्टेंबरला बाल्मोरलच्या नव्या राजवाड्याची कोनशिला बसली. भिंतींना, गालिच्यांना टार्टन, एक नमुना खुद्द अल्बर्टने काढलेला. त्याच वर्षी पश्चिम किनाऱ्यावरच्या नॉयडार्टमध्ये जमीनदाराच्या माणसांनी कुळांची घरं पाडली. तीनशेहून जास्त लोक 'सिलरी' नावाच्या जहाजावर चढवून कॅनडाला पाठवले. जे गेले नाहीत ते पाडलेल्या भिंतींच्या आडोशाला राहिले. कारण काय, तर माणसांपेक्षा मेंढ्या जास्त पैसे देतात. हे नवीन नव्हतं. सदरलँडमध्ये १८१४ आणि १८१९ मध्ये स्ट्रॅथनेव्हरचं अख्खं खोरं असंच रिकामं केलं होतं. तिथल्या पॅट्रिक सेलर नावाच्या मुकादमावर १८१६ मध्ये सदोष मनुष्यवधाचा खटलाही झाला, आणि तो निर्दोष सुटला. १८४६ पासून बटाट्याच्या रोगाने उपासमार होती ती वेगळीच. ज्या माणसांच्या खांद्यावर ही पिन असायची ती माणसं जहाजात, आणि पिन लंडनच्या दिवाणखान्यात. दोन्ही एकाच दशकात, कधीकधी एकाच मालकाच्या जमिनीवर.

आता चिन्हं. बाजारात सगळ्यात जास्त दिसतं ते काटेरी थिसल, स्कॉटलंडचं राष्ट्रचिन्ह. माळावर गोल काटेरी चेंडू येतो ना, उंटकटारीचा, त्याचाच लांबचा चुलतभाऊ समजा. दंतकथा अशी की १२६३ च्या सुमारास रात्री अनवाणी चाल करून येणाऱ्या नॉर्वेच्या सैनिकाचा पाय थिसलवर पडला, तो ओरडला आणि स्कॉट जागे झाले. समकालीन पुरावा काही नाही, पण गोष्ट झकास आहे. १६८७ पासून थिसलच्या नावाने सरदारकीचा मानही आहे, ज्याच्या ब्रीदाचा अर्थ साधारण असा: मला डिवचाल तर सुखाने जाणार नाही. ब्रोचमध्ये थिसलच्या फुलाच्या जागी जांभळा अ‍ॅमेथिस्ट बसवतात, आणि तो अप्रतिम दिसतो.

बंद पट्टा आणि बकल म्हणजे कुळाच्या प्रमुखाशी निष्ठा. नांगर म्हणजे आशा. छोटी कट्यार, ढाल, कुऱ्हाड हेही भरपूर असतात. ज्यांची खरी हत्यारं १७४६ नंतर काढून घेतली त्यांच्या हत्यारांची शंभर वर्षांनी इवलीशी चांदीची खेळणी झाली, मुठीत एक अकीक. रानकोंबड्यासारख्या ग्राउज पक्ष्याचा खराखुरा पाय चांदीत मढवून त्याचीही पिन करायचे. ती मला तरी बघवत नाही.

दगडांच्या अर्थाबद्दल एक सांगतो. आज ऑनलाइन दुकानांत प्रत्येक ब्रोचखाली लिहिलेलं असतं की अकीक मन स्थिर करतो, ब्लडस्टोन धैर्य देतो. विकणाऱ्याचं बोलणं आहे ते. त्या काळच्या कारागिराने बहुतेक वेळा लालशेजारी हिरवा ठेवला तो खुलून दिसतो म्हणून.

आणि एक चिन्ह, जे मी शोधायला गेलो नव्हतो. हायलँड लाइट इन्फंट्री या पलटणीच्या बिल्ल्यावर थिसलच्या मानाचा तारा आहे आणि खाली एक हत्ती. स्कॉटलंडच्या बिल्ल्यावर हत्ती? खाली शब्द आहे 'असाये'. म्हणजे आपलं असई, जालना जिल्ह्यातलं. २३ सप्टेंबर १८०३, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात वेलस्लीची फौज एकीकडे, शिंदे आणि नागपूरकर भोसले दुसरीकडे. वेलस्लीकडे ७४वी आणि ७८वी या दोन हायलँडर पलटणी होत्या. शिंद्यांच्या तोफांसमोर ७४वीचा जवळजवळ चुराडा झाला. लढाई कंपनीने जिंकली, आणि या पलटणींना हत्तीचं चिन्ह बहाल झालं. पुढे ७४वी हायलँड लाइट इन्फंट्रीत सामील झाली तेव्हा हत्ती तिच्याबरोबर आला. पहिल्या महायुद्धाच्या काळात सैनिक आपल्या बायकोला किंवा होणाऱ्या बायकोला पलटणीच्या बिल्ल्याची छोटी पिन देऊन जायचे. तेव्हा ग्लासगोतली एखादी मुलगी, जिने जालन्याचं नावही ऐकलेलं नाही, ती छातीवर असई लावून नवऱ्याच्या पत्राची वाट बघत होती. आणि ज्यांच्या आज्यापणज्यांचा पोशाख सरकारने बंद केला होता, त्यांचीच पोरं तो पोशाख सरकारकडून घेऊन आपल्या माणसांवर चालून आली होती. मी त्या बिल्ल्याचा फोटो लॅपटॉपवर बराच वेळ मोठा करून बघत बसलो. हत्तीची सोंड खाली आहे की वर एवढ्यासाठी नव्हे.

शेवटी कामाचं. परदेशात असाल, एखाद्या जुन्या बाजारात असा ब्रोच दिसला, तर उलटा करा. एडिंबराचा छाप म्हणजे तीन बुरुजांचा किल्ला, आणि जुन्या मालावर सोबत थिसल. १९७५ पासून थिसलच्या जागी सिंह आला, तेव्हा सिंह असेल तर 'व्हिक्टोरियन' हे विक्रेत्याचं म्हणणं विसरा. छाप अजिबात नसला तरी घाबरू नका, त्या काळच्या बऱ्याच छोट्या पेबल ब्रोचवर तो नसतोच. साधा सी आकाराचा आकडा, कुलपाची सोय नाही आणि पिनेचं टोक कडेच्या बाहेर आलेलं, हे जुनेपणाचं लक्षण. चकत्यांमधून नख फिरवा, कुठे अडकलं तर एखादा तुकडा नंतर बदललेला असू शकतो. आणि घरी आणल्यावर आपल्या सवयीने गरम पाणी, चिंच, रांगोळी काही करू नका. गरम पाण्याने लाख सुटते आणि दीडशे वर्षं टिकलेली चकती सिंकच्या जाळीतून खाली जाते. ओलसर मऊ फडकं, बास.

भेटू पुढच्या आठवड्यात.